पाचवी थप्पी

टॅग चार बोटं लांब होता आणि एक बोट रुंद. पांढऱ्या कापडी पट्टीच्या आत केसाएवढ्या बारीक चंदेरी रेषा नागमोडी गेल्या होत्या, आणि त्या जिथं एकत्र येत होत्या तिथं खसखशीच्या दाण्याहून जरासा मोठा काळा ठिपका होता. इंद्रजितनं तो बियाणं तोलायच्या लहान काट्यावर ठेवला. काट्यानं शून्य दाखवलं. त्यानं दुसरा टॅग त्यावर ठेवला. तरी शून्य. तिसऱ्याला एक ग्रॅम आला.

"याच्यात सेल कुठं असतो?" त्यानं पहिल्याच दिवशी सोनालीला विचारलं होतं.

"नसतोच."

"मग चालतो कशावर?"

"मशीनमधून लहरी निघतात. त्या याच्यावर पडल्या की त्यातूनच त्याला पुरेशी ताकद मिळते. तेवढ्यात तो आपला नंबर सांगतो आणि परत गप्प होतो."

इंद्रजितच्या मनातून ते तीन आठवडे गेलं नव्हतं. स्वतःजवळ काहीही नसलेली वस्तू. हाक आली की जागी होते, नाव सांगते, पुन्हा निजते. सोनालीला, धाकट्या बहिणीला, मात्र त्यानं यातलं काही कळू दिलं नाही. तिच्यापुढं तो टॅगांना 'तुझ्या पट्ट्या' म्हणे.

आज त्या पट्ट्यांचा निकाल लागायचा होता. भूमच्या शेतकरी कंपनीला या हंगामापासून चार हजार पोती बियाणं लोहाऱ्याला, इंद्रजितच्या घरच्या गोदामात, ठेवायचं होतं. अट एकच होती, प्रत्येक पोत्याला टॅग. हो किंवा नाही, ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं. कळवायचं होतं त्याच्या वडिलांनी, अण्णांनी. आणि या एका गोष्टीवर अण्णा गेली दोन वर्षं एक शब्द बोलले नव्हते.

दुपारचे दोन वाजले होते. मे महिन्याच्या उन्हात गोदामाचा पत्रा अधूनमधून कडकड वाजत होता. अण्णा, म्हणजे लिंबाजी, दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसले होते. सोलापूरला मोतीबिंदू काढून चार दिवसांपूर्वीच ते परतले होते. डोळ्यांवर काळा चष्मा होता, त्यामुळं ते कुणाकडं बघताहेत तेही कळत नव्हतं. आई, धुरपदाबाई, रिकाम्या बारदानावर मांडी घालून दाभणात सुतळी ओवत होती. इंद्रजितची बायको भुवनेश्वरी शाळेत विज्ञान शिकवायची. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून तीही आली होती. आणि थप्प्या लावणारा महेबूबचाचा थप्पीला पाठ लावून उभा होता. चाळीस वर्षांत गोदामात त्याला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

माकणी गावातल्या अडतीस घरांचं घरचं सोयाबीन बियाणं दिवाळीनंतर या गोदामात यायचं आणि पेरणीच्या तोंडावर परत जायचं. ज्याचं त्यालाच, हा इंद्रजितच्या आजोबांनी घालून दिलेला नेम होता. प्रत्येक घराची सुतळी वेगळ्या रंगाची, गाठी वेगळ्या. धुरपदाबाई आणि महेबूबची बायको हुसेनबी धरून सहा बायका दाभणानं पोत्यांची तोंडं शिवायच्या. मग महेबूब थप्पी लावायचा. एका थरात दहा पोती, पाच-पाचच्या दोन रांगा, तोंडाला तोंड लावून. तोंडं आत, बुडं बाहेर. म्हणजे शिवण उंदराच्या दाताला आणि माणसाच्या हाताला लागू नये. सात थरांवर आठवा नाही, कारण सोयाबीनचं साल नाजूक, वजनानंही दाणा मरतो.

आणि पाऊस पडून गेला की महेबूब प्रत्येक थप्पीच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून फिरायचा. अण्णा दारातून एकच विचारायचे, "काय म्हणतो हात?"

"कोरडं म्हणतो," महेबूब सांगायचा. किंवा एखाद्या वर्षी, "तिसऱ्या थप्पीत, चौथ्या थराला, जरा घाम हाय." पोतं काढलं की तिथं ओल सापडायची. माकणीत लोक बियाण्याची पावती मागत नसत. महेबूबचा हात फिरलाय का, एवढंच विचारत.

"चला, आधी गाडी घेऊ," सोनाली म्हणाली.

हमालानं ढकलगाडीवर टॅग लावलेली बारा सुटी पोती चढवली. दाराच्या दोन्ही बाजूंना सोनालीनं भाड्यानं आणलेले दोन उभे राखाडी पट्टे होते, माणसाएवढ्या उंचीचे. गाडी त्यांच्यामधून निघाली. पुढचं चाक उंबऱ्यावर यायच्या आत टेबलावरच्या पडद्यावर ओळी उमटल्या. बारा. प्रत्येक ओळीत घराचं नाव, भरल्याची तारीख, त्या दिवशीचा ओलावा. ना कुणी पोत्याला हात लावला होता, ना सुतळी पाहिली होती.

धुरपदाबाईचं दाभण हवेतच थांबलं. "एवढ्यात?"

"एवढ्यात, आई."

"बब्रुवानच्या घरचं कोणतं, ते बी कळलं?"

"चौथी ओळ. बघ."

"मला वाचाया येत असतं तर तुज्या बापाच्या घरात पोती शिवत बसले असते व्हय!" पण ती उठून आली आणि पडद्यासमोर उभी राहिली. तिनं चौथ्या ओळीवरून बोट फिरवलं, अलगद, नवजात बाळाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

इंद्रजितच्याही अंगावर शहारा आला. तो त्यानं खाकरून झाकला. "गाडी सोपी हाय. थप्पी वाचून दाखव."

सोनालीनं हातातलं मशीन घेतलं. तीन आठवड्यांपूर्वी पाच थप्प्या उतरवून, टॅग शिवून, पुन्हा रचल्या होत्या. कुठला टॅग कुठल्या थरात, कितव्या जागी, हे तिनं तेव्हाच टिपून ठेवलं होतं. तेव्हा दर थप्पीतल्या सत्तरपैकी साठच्या आसपास टॅग बोलले होते. बायकांनी सवयीनं टॅग पोत्याच्या तोंडाच्या घडीत शिवले होते, आणि महेबूबनं सवयीनं तोंडं आत घातली होती. सगळे टॅग थप्पीच्या पोटात गेले होते. हे सोनालीच्या लक्षात आलं तोवर पाचही थप्प्या रचून झाल्या होत्या.

ती एकेका थप्पीभोवती फिरली. भिंतीकडच्या दोन फुटी वाटेतही आडवी होऊन शिरली.

"पहिली, अठ्ठावन्न. मागच्या वेळी अठ्ठावन्नच. दुसरी एकसष्ट. तिसरी सत्तावन्न. चौथी साठ." मग तिनं मशीन डोळ्यांजवळ धरलं. "पाचवी बत्तीस."

"किती?"

"बत्तीस. मागच्या वेळी एकोणसाठ होते."

तिनं मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा फिरली. बत्तीस.

"झालं?" इंद्रजित म्हणाला. "चाचा, पाचव्या थप्पीत पोती किती?"

"सत्तर," महेबूब मान न वळवता म्हणाला. "कुठं जात्यात?"

"बघ. चाचा बिनपैशाचे सांगत्यात. आणि तुझी बारा रुपयाची पट्टी तीन आठवड्यात मुकी होती. चार हजार पोत्यांचे किती झाले? दर हंगामाला? दाराचे हे दोन खांब, हातातलं मशीन, कॉम्प्युटर, ते साडेसहा लाख वेगळेच. भूमवाले भाडं देणार, खांब देणार न्हाईत."

"दादा, मी सगळं कागदावर मांडून दिलंय तुला."

"दिलंयस की. वाचलंय म्या." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. हे करू नये, असं त्याला त्याच क्षणी वाटलं, पण हात थांबला नाही. "खर्च कुठून भरून काढायचा, त्याच्याखाली तिसरी ओळ. देखरेख, एक माणूस कमी. कोण गं हा एक माणूस?"

पत्रा वाजला. सोनालीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"तो पुण्याच्या ऑफिसातला तक्ता आहे," ती हळू म्हणाली. "त्यात ती ओळ असतेच. मी... मला ती काढायची राहिली."

"ऱ्हाऊ दे बेटा," महेबूब म्हणाला. "कागद हाय. कागदाला काय कळतंय."

"तुम्ही मधी पडू नका चाचा. हिला तुमच्या खांद्यावर बसून आंबे खाल्लेले आठवत न्हाईत."

"मला सगळं आठवतं! तू नको सांगूस. पुण्यात दहा वर्षं मी काय बघितलंय माहितीये? एका गोदामात पोत्यांची अदलाबदल झाली आणि साठ घरांनी भलतंच बियाणं पेरलं. उगवल्यावर कळलं. तेव्हा काय करणार होते ते?"

"आपल्याकडं झालंय का कधी तसं?"

"झालं न्हाय म्हणजे होणार न्हाय का?"

"अण्णा, तुम्ही तरी बोला," धुरपदाबाई म्हणाली. घरात सगळे म्हणायचे म्हणून तीही नवऱ्याला अण्णाच म्हणायची. "दोन वरीस झालं, पोरं भांडत्यात न् तुम्ही दाराकडं बघत बसता. एक कायतरी बोला."

लिंबाजींनी काळा चष्मा नाकावर सारखा केला.

भुवनेश्वरी या सगळ्या वेळात टेबलाच्या कडेला काहीतरी लिहीत होती. भांडणात ती कधी पडायची नाही. इंद्रजितला तिचा तो गुण आवडायचा आणि कधीकधी त्याची भीतीही वाटायची. आता ती म्हणाली, "वन्सं, मशीन बिघडलं असतं तर चारही थप्प्या जशाच्या तशा कशा आल्या?"

"तेच कळेना मला."

"जे टॅग मागच्या वेळी बोलले होते आणि आज गप्प आहेत, तेवढेच मी काढलेत. सत्तावीस. बघा ना कुठं आहेत."

तिनं शाळेच्या आलेखाच्या वहीचं पान पुढं केलं. थप्पीच्या भिंतीकडच्या रांगेचं चित्र होतं, पाच चौकोन रुंद, सात चौकोन उंच. गप्प झालेली पोती तिनं निळ्या पेनानं भरली होती. वरच्या थरात दोन चौकोन. त्याखाली तीन, पुन्हा तीन. मग चार. खालच्या तिन्ही थरांत पाचच्या पाच. दाराकडच्या रांगेतलं एकही नव्हतं.

इंद्रजित बघत राहिला. ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. वरून बारीक आलेलं काहीतरी खाली जाताना पसरत गेलं होतं.

"पाण्यातून या लहरी जात नाहीत," भुवनेश्वरी म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "पाणी त्या पिऊन टाकतं. कोरड्या दाण्यांतून जातात, ओल्यातून नाही. टॅग चांगलेच आहेत. त्यांच्यापर्यंत हाकच पोचत नाही."

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. पाचव्या थप्पीच्या डोक्यावर, भिंतीलगत, पत्र्याच्या एका खिळ्याशेजारी उजेडाचा एक ठिपका होता. सुईच्या टोकाएवढा. रोज तो तिथं असणार. दहा दिवसांपूर्वी सलग तीन रात्री वळवाचा पाऊस झाला होता.

बंद थप्पी. बाहेरून बारदान खडखडीत वाळलेलं. आणि तिच्या पोटातलं पाणी या कागदावर निळं उमटलं होतं, कुणी एकही पोतं न हलवता. इंद्रजितला लहानपणी आईच्या पोटावर कान ठेवून सोनालीची हालचाल ऐकलेली आठवली. तेव्हा वाटलं होतं तसंच आता वाटलं, की आपण मोठ्यानं श्वासही घेऊ नये.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली.

"पण पावसानंतर चाचांनी हात फिरवला होता," तो म्हणाला. "मी होतो इथंच. कोरडं म्हणाले."

"कोरडंच हाय," महेबूब म्हणाला. पण आता तो थप्पीपासून सुटा उभा होता.

"पुन्हा बघा चाचा. बघून टाका एकदा."

महेबूब भिंतीकडच्या वाटेत शिरला. सदऱ्याची बाही वर केली. चौथ्या थराच्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत, डोळे मिटून. इंद्रजितनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. लहान असताना त्याला वाटायचं, पोती चाचांशी बोलतात.

"कोरडं," महेबूब म्हणाला.

इंद्रजित त्याच्या मागोमाग वाटेत गेला. त्यानं आपला हात त्याच फटीत घातला. बोटं आत गेली आणि गरम, दमट वाफेत शिरली, जनावराच्या तोंडात गेल्यासारखी. त्यानं हात तसाच ठेवला. बाहेर काढला की बोलावं लागणार होतं.

त्यांच्या खांद्याला खांदा लागला होता. महेबूब त्याच्याकडं बघत होता आणि त्याला सगळं कळलं होतं.

"काढ पोतं," तो म्हणाला. "काढ, इंदर. लाजू नको."

पोतं काढलं. धुरपदाबाईनं स्वतः सुतळी कापली. आंबूस वास आला. वरचे दाणे फुगलेले, आतले एकमेकांना चिकटलेले, काहींवर पांढरी बुरशी. ओलावा मोजायच्या मशीनमध्ये मूठभर टाकले. एकोणीस टक्के. बियाण्याला बाराच्या वर चालत नाही.

पेरणीला तीन आठवडे राहिले होते. या सत्तावीस पोत्यांतलं बियाणं माकणीच्या नऊ घरांनी रानात टाकलं असतं, आणि त्यातलं काहीच उगवलं नसतं.

महेबूबनं आपला उजवा तळहात समोर धरला, जणू तो दुसऱ्याचा होता.

"दोन पावसाळे झाले," तो म्हणाला. "साखरेच्या दुखण्यानं खाल्ला. आधी मुंग्या यायच्या. मग त्या बी बंद झाल्या. हुसेनबीला ठावं हाय. म्या म्हटलं, कुणाला सांगू नको. गोदामात हात घातला की काय कळतंय? काय न्हाय. मग म्या दरसाल कोरडंच म्हणायचो. आन् कोरडंच निघायचं. मला वाटलं, अल्लाची मेहरबानी."

"चाचा," सोनाली म्हणाली.

"त्या कागदावरची ओळ बराबर हाय बेटा. उद्यापासून म्या येत न्हाय. माकणीला जाऊन त्या नऊ घरांपुढं मीच उभा ऱ्हाईन."

"बस खाली," लिंबाजी म्हणाले.

दोन वर्षांत या विषयावर त्यांचा हा पहिला शब्द होता. सगळे वळले. महेबूब बसला नाही.

"बस म्हणतो ना. अल्लाची मेहरबानी होती, का कुणाची, ते ऐक." लिंबाजींनी चष्मा काढला. डोळे लाल होते आणि उजेडानं मिटत होते. "दोन वर्सांमागं, रमजान ईदीला, तुज्या घरी शीरखुर्मा प्यायला बसलो होतो. चुलीवरचा तसाच वाटीत वतलेला. मला धरवंना. तू तळहातावर घिऊन बोलत बसलास, धा मिंटं. दुसऱ्या दिशी तुज्या हाताला हा एवढा फोड. मला म्हणालास, विस्तवानं भाजलं."

महेबूबचा हात आपोआप मागं गेला.

"तवाच मला कळलं. मग पाऊस झाला की तू यायच्या आधी, भल्या फाटे, मी यायचो. ती पोकळ सळई हाय न्हवं, दाणे काढून बघायची? ती घिऊन. समद्या थप्प्या. दोन-तीनदा ओल घावली. म्याच पोतं बदललं, वाळवलं, परत लावलं. मग तू यायचास, हात घालायचास, कोरडं म्हणायचास. मी म्हणायचो, बराबर."

धुरपदाबाई तोंडावर पदर धरून ऐकत होती. "मला म्हणायचे, मारुतीला जातो. पावसाचं बी. म्या म्हणायचे, म्हाताऱ्याला देव आठवाय लागला."

इंद्रजित बापाकडं बघत होता. बहात्तर वर्षांचा, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा माणूस पहाटेच्या अंधारात सात-सात थर चढत होता, एकेका पोत्यात सळई घालत होता, आणि सकाळी दारात बसून विचारत होता, काय म्हणतो हात? आपण तेव्हा कुठं होतो? निजलो होतो. अण्णांच्या गप्प बसण्याला आपण हट्ट म्हणालो, सोनालीनं भित्रेपणा म्हटलं, आईनं म्हातारपण. टॅगला हो म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. महेबूबच्या हाताला कळत नाही, हे एक वाक्य तोंडातून निघू नये म्हणून या माणसानं दोन वर्षं दोन माणसांचं काम केलं होतं.

"आन् यंदा वळवाच्या पावसात मी सोलापुरात, डोळ्याला पट्टी बांधून," लिंबाजी म्हणाले. "चूक तुजी न्हाय महेबूब. मी इथं न्हवतो, ही चूक हाय. आन् कुणाला सांगून गेलो न्हाय, ही त्याच्याहून मोठी."

महेबूब खाली बसला. गोदामाच्या फरशीवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बसताना तो एकदम लहान दिसला.

"तुम्ही बी कमाल हाव, लिंबाजीभाऊ," तो म्हणाला. "मला येडा बनवलं."

"तू मला बनवत होतास, मी तुला."

धुरपदाबाईनं नाक पुसलं. "आता दोगं मिळून रडू नका. नऊ घरांचं काय करायचं ते बोला. आपल्या घरचं बियाणं चौतीस पोती हाय पहिल्या थप्पीत. त्यातली सत्तावीस द्यायची. सांगून द्यायची, हे तुमचं न्हाय, आमचं हाय, तुमचं आमच्यानं भिजलं."

"मी जातो संध्याकाळी," इंद्रजित म्हणाला.

"मी पण येते," सोनाली म्हणाली. त्यानं मान हलवली. तिच्याकडं बघणं त्याला अजून जमत नव्हतं, पण जीपमध्ये ती शेजारी बसणार होती, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

"पण वहिनी," सोनाली जरा वेळानं म्हणाली, "बाकीच्या चार थप्प्या कोरड्या असूनही दहा-बारा टॅग गप्पच राहतात. भूमवाल्यांना सत्तरला सत्तर लागतील. तोंडं बाहेर करून रचायच्या का?"

"तोंडं भाईर?" महेबूब खालून म्हणाला. "उंदरान्ला आवतन देतीस का?"

"मग टॅग आतच जाणार, चाचा."

"तोंडालाच कशाला शिवायचा?"

"शिवण तिथं असते म्हणून."

"तोंड आत जातं. मग भाईर काय ऱ्हातं?" त्यानं दोन्ही हातांनी पोतं आडवं ठेवल्याची खूण केली. "बूड. समद्यांचं बूड भाईर. बुडाच्या कोपऱ्याला शिवा की. एवढं कळाया पुण्याला जायाची काय गरज?"

सोनालीनं भुवनेश्वरीकडं पाहिलं. भुवनेश्वरी हसत होती. तिला हसताना पाहून इंद्रजितलाही हसू फुटलं.

धुरपदाबाई उठलीच होती. पहिल्या थप्पीचा मधला थर तिनं धरला. थप्पी उतरवायची गरजच नव्हती. बुडं समोरच होती. पुढच्या रांगेच्या पाच कोपऱ्यांना तिनं पाच टॅग टाचले, मग मागच्या रांगेला पाच. तिचं दाभण बारदानात शिरताना आणि निघताना सुतळीचा खसखस आवाज येत होता.

सोनालीनं मशीन महेबूबच्या डाव्या हातात दिलं. "तुम्ही धरा चाचा. हे बटण."

महेबूब उठला. त्यानं मशीन थप्पीकडं केलं आणि बटण दाबलं. भुवनेश्वरीनं पडद्यावर फक्त ते दहा नवे टॅग मागितले होते. ओळी उमटल्या. आठ. महेबूब दोन पावलं भिंतीकडं सरकला. नऊ, दहा.

"धाच्या धा?"

"दहाच्या दहा."

"येकदा अजून." त्यानं पुन्हा दाबलं. दहा. तो मशीनकडं बघत नव्हता, पोत्यांकडं बघत होता. तीच पोती, ज्यांच्यात त्यानं चाळीस वर्षं हात घातला होता. "बोलत्यात," तो पुटपुटला. "या अल्ला. खरंच बोलत्यात."

भिंतीवरच्या घड्याळात पाचाला दहा मिनिटं कमी होती. सोनालीचा फोन टेबलावर थरथरला. भूमहून गौरीशंकर, कंपनीचे अध्यक्ष.

तिनं अण्णांकडं पाहिलं. इंद्रजितनं पाहिलं. धुरपदाबाईनं, दाभण हातात धरून, पाहिलं.

लिंबाजींनी चष्मा पुन्हा लावला नाही. डोळे बारीक करून ते महेबूबकडं बघत होते. "उद्या येत न्हाय म्हणालास," ते म्हणाले. "चार हजार पोती येतील. त्यांच्या थप्प्या कोण लावणार? मी, या डोळ्यांनी?"

महेबूबनं मशीन हातातल्या हातात फिरवलं. "येतो," तो म्हणाला. "पर आता बसून काम करीन."

लिंबाजींनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"लोहाऱ्याहून लिंबाजी बोलतोय, गौरीशंकरजी. आधी एक ऐकून घ्या, मग ठरवा. आमच्या गोदामात पाणी आलं. माकणीची सत्तावीस पोती खराब झाली. आमच्या हाताला ते कळलं न्हाय, टॅगनं कळलं." ते थांबले. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं. लिंबाजींनी ते पुरतं ऐकून घेतलं, मग खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय. टॅग लावणार आमी. समद्या पोत्यान्ला."